लिलावातली ठोकलेली ऑडी आर८ : घ्यावी की नाही?

गिअरबदल्या
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. अमेरिकेत विमा कंपन्यांनी टोटल केलेल्या (दुरुस्ती परवडत नाही म्हणून निकालात काढलेल्या) गाड्यांचे ऑनलाइन लिलाव चालतात (कोपार्ट वगैरे), ते गेले काही महिने बघतोय. तिथे पहिल्या पिढीतली आर८ (ऑडीची स्पोर्ट्स कार) लागली आहे. व्ही८, मॅन्युअल गिअर, पुढून ठोकलेली. माहितीत लिहिलंय : मुख्य नुकसान पुढचा भाग, दुय्यम नुकसान काही नाही, 'रन अँड ड्राइव्ह', सॅल्व्हेज टायटल (म्हणजे मालकीच्या कागदावर टोटल झाल्याचा शिक्का). ड्रायव्हरची एअरबॅग उघडलेली दिसते. बंपर गेलाय, बॉनेट दुमडलंय, उजवा हेडलाइट आणि मडगार्ड गेलंय, उजवं चाक जरा वाकडं दिसतं. इंजिन पाठीमागे असल्यामुळे त्याला धक्का लागलेला नाही.

माझा हिशोब असा : चांगल्या आर८च्या निम्म्या किमतीत हातोडा पडेल. सामान वीस टक्के धरा. म्हणजे सत्तर टक्क्यांत आर८ दारात. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच ही कामं मी स्वतः करतो, त्यामुळे मजुरी धरलेली नाही. लिलाव पुढच्या आठवड्यात आहे. या हिशोबात मला काय दिसत नाहीये?

मिश्किल
जे फोटोत नाही ते. आणि ज्याचा फोटो काढलेला नाही ते.
(जागा धरून बसलोय, प्रतिसाद वाढतील तसा सरकत जाईन.)

तेलकट हात
घेऊन टाक रे. मॅन्युअल आर८ रोज मिळत नाही. विचार करत बसणाऱ्यांच्या दारात कायम सेडानच उभी असते.

बोल्टनट
तेलकट हात, तुम्ही हे दुसऱ्याच्या पैशावर बोलताय म्हणून एवढं झकास वाटतंय. :)

धागाकर्ते, मी बॉडी शॉपमध्ये आहे. माझ्या कामात बऱ्याचदा अशाच गाड्या येतात, लिलावातून उचललेल्या आणि मालकाने निम्म्यात सोडलेल्या. तुमची यादी वाचली. ती फोटोवरून केलेली आहे, म्हणून तिच्यात फक्त बाहेरचा पत्रा आहे. आतलं मी सांगतो.

आर८चं इंजिन मागे असलं तरी पाण्याचे रेडिएटर पुढे, नाकाशी असतात. मधे लांबलचक पाइप. समोरून ठोकर बसली की पहिला रेडिएटर जातो आणि पाणी रस्त्यावर. आता प्रश्न असा की ठोकल्यावर इंजिन कधी बंद झालं? ड्रायव्हर भांबावलेला असतो, एअरबॅगच्या धुराने खोकत असतो. गाडी बाजूला घ्यावी म्हणून थोडी चालवलीही असेल. पाण्याशिवाय इंजिन किती तापलं याचा फोटो नसतो. 'धक्का लागलेला नाही' हे खरं, पण अपघातात इंजिन फक्त धक्क्याने मरत नाही.

दुसरं म्हणजे 'रन अँड ड्राइव्ह'. याचा अर्थ एवढाच की गाडी आवारात आली तेव्हा सुरू झाली, गिअर पडला आणि स्वतःच्या जोरावर जरा हलली. ब्रेक लागतात का, तापमान कुठे जातं, दुसऱ्या गिअरला काय होतं, याबद्दल ते काहीच सांगत नाहीत. शिवाय ही चाचणी करण्यासाठीसुद्धा कोणीतरी ती पाण्याविना सुरू केली असणार!

तिसरं, एअरबॅग. एक पिशवी आणून बसवली की झालं असं नाही. पुढची बॅग उघडली म्हणजे सीटबेल्ट खेचून धरणारे बारूदवाले प्रीटेन्शनरही बहुधा उडालेले असतात, म्हणजे बेल्ट नवे. धडकेची नोंद झालेलं एअरबॅगचं मॉड्यूल एकतर बदलायचं नाहीतर रीसेट करून घ्यायचं. पुढचे सेन्सर, वायरिंग, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (चाक फिरलं तरी एअरबॅगची वायर जोडलेली ठेवणारी). बाजूच्या प्रवाशाची उघडली असेल तर डॅशबोर्डही. तो फोटो नीट बघा, डॅशचा वरचा भाग झाकलेला असेल तर का झाकलाय ते विचारा.

चौथं सगळ्यात मोठं आहे, ते जेवून येऊन लिहितो.

शून्य_ते_शंभर
बोल्टनट, माहितीबद्दल आभार, पण चित्र फारच काळं रंगवताय. इयान वादळात (२०२२) फ्लोरिडातल्या नेपल्समध्ये एक मॅक्लारेन पी१ गॅरेजमधून वाहत रस्त्यावर आली होती, आठवतं? जगात फक्त ३७५ बनलेली गाडी, तीही हायब्रिड, आणि खाऱ्या पाण्यात बुडालेली. तीसुद्धा लिलावात विकली गेली आणि घेणाऱ्याने दुरुस्तीला घेतली. त्यापुढे नाक फुटलेली आर८ म्हणजे काय?

मिश्किल
पी१ घेणाऱ्याचं यूट्यूब चॅनेल आहे. गाडी बिघडली की त्याला व्हिडिओचा नवा भाग मिळतो, आपल्याला फक्त बिल मिळतं.

केतकीवन
मिश्किल यांना अनुमोदन. व्हिडिओवाल्यांचा हिशोबच वेगळा असतो. त्यांच्यासाठी गाडी हा खर्च नसून चित्रीकरणाचं सामान आहे. जेवढी जास्त मोडलेली तेवढे जास्त भाग, तेवढ्या जास्त जाहिराती. सामानही पुष्कळदा प्रायोजक देतात. त्यात आणखी एक गंमत : हे व्हिडिओ बघून लिलावात उतरणाऱ्यांची संख्या वाढली, त्यामुळे ठोकलेल्या स्पोर्ट्स कारच्या बोलीही चढल्या. पूर्वी जी सूट मिळायची ती आता तेवढी राहिलेली नाही.

बोल्टनट
हां, चौथं. ॲल्युमिनियम.

आर८ची चौकट म्हणजे ऑडीची स्पेस फ्रेम. ओतीव ॲल्युमिनियमच्या गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या. पोलादी चासी वाकली तर जिगवर चढवून, साखळीने खेचून बऱ्याच अंशी जागेवर आणता येते. ॲल्युमिनियम तसं ऐकत नाही. परत सरळ करायला गेलं की चिरतं, आणि तापवून खेचलं तर ज्या उष्णोपचारामुळे त्याला ताकद आलेली असते तीच निघून जाते. ओतीव गाठीला चीर गेली तर ती सरळ करायची नसतेच, कापून नवी बसवायची. त्यासाठी वेगळी खोली लागते, वेगळी हत्यारं लागतात (पोलादाची धूळ ॲल्युमिनियमवर बसली की तिथून गंजायला सुरुवात होते), सेलेटसारख्या कंपनीचा त्या मॉडेलसाठीचा मोजणी बेंच लागतो, आणि कंपनीने ठरवलेल्या जागीच काप घ्यावा लागतो. हे घरच्या गॅरेजमध्ये होत नाही. माझ्या शॉपमध्येही होत नाही, मी पुढे पाठवतो.

'उजवं चाक जरा वाकडं दिसतं' हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. ते चाक का वाकडं आहे यावरच सगळं आहे. कंट्रोल आर्म (चाकाला चौकटीशी जोडणारा दांडा) वाकला असेल तर दुपारभराचं काम. तो जिथे बसतो ती गाठ हलली असेल तर गाडी संपली.

गिअरबदल्या
बापरे. धन्यवाद बोल्टनट. पण मग विमा कंपनीचा माणूस गाडी बघून गेला असेलच ना? संरचनेला मार असता तर तसं लिहिलं असतं. दुय्यम नुकसान काही नाही असं स्पष्ट म्हटलंय.

पंचनामा
इथे मला बोललंच पाहिजे. मी निवृत्त आहे, आयुष्य विम्याच्या वाहन-दाव्यांत गेलं.

नुकसानीचा अंदाज करणारा माणूस गाडीची पूर्ण वैद्यकीय तपासणी करत नाही. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं : दुरुस्त करायची की टोटल? काही राज्यांत त्यासाठी टक्केवारी ठरलेली आहे, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या अमुक टक्क्यांवर गेला की टोटल. कुठे ७५ टक्के आहे, टेक्सासात १०० टक्के. इतर काही राज्यांत सूत्र आहे : दुरुस्तीचा खर्च अधिक भंगाराची किंमत ही बेरीज अपघातापूर्वीच्या किमतीच्या वर गेली की टोटल. यादी लिहिता लिहिता ती रेषा ओलांडली की माणूस पेन खाली ठेवतो. पुढचं कोण कशाला शोधेल? गाडी खोललेली नसते, लिफ्टवर घेतलेली नसते. दुरुस्तीला जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत खोलल्यावर पुरवणी अंदाज येतो, आणि तो बहुतेक वेळा येतोच. टोटल झालेल्या गाडीचा पुरवणी अंदाज कोणीच करत नाही. तो तुम्ही करायचा, विकत घेतल्यानंतर.

आणि लिलावाच्या पानावरचं 'दुय्यम नुकसान' ही नोंद म्हणजे हमी नव्हे. सगळं 'जसं आहे, जिथे आहे' या अटीवर विकतात. अटी वाचा, त्यात हे स्वच्छ लिहिलेलं असतं.

शून्य_ते_शंभर
पंचनामाकाका, तुमच्याच सूत्रावरून एक उलटा मुद्दा. भंगाराची किंमत जास्त म्हणजे गाडी लवकर टोटल होते, बरोबर? स्पोर्ट्स कारला लिलावात चढी बोली येते हे कंपनीला माहीत असतं. मग दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्मा जरी निघाला तरी कंपनीला विकून मोकळं होणं परवडतं. म्हणजे काही गाड्या खरं तर दुरुस्त होण्यासारख्या असूनही सॅल्व्हेज होतात. साधी जुनी सेडान टोटल झाली म्हणजे तिच्यात काही उरलेलं नसतं, पण आर८ टोटल झाली म्हणजे तसंच असेल असं नाही.

पंचनामा
मुद्दा बरोबर आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोरून अशा गाड्या गेल्या आहेत. एक हेडलाइट, एक रेडिएटर, एक बंपर, दोन एअरबॅगा, एवढ्यावरही स्पोर्ट्स कार टोटल होते, कारण एकेका भागाची किंमतच तशी. पण त्या गाड्या ओळखणारे आपण एकटे नसतो. बोलीत तुमच्याविरुद्ध कोण आहे ते लक्षात घ्या. परवानाधारक रीबिल्डर (ठोकलेल्या गाड्या बांधून विकणारा), ज्याच्या आवारात दुसरी मागून ठोकलेली आर८ उभी आहे. लिथुआनिया, जॉर्जिया (देश, राज्य नव्हे) किंवा अमिरातींत गाड्या पाठवणारे निर्यातदार, ज्यांची मजुरी तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. सुटे भाग विकणारे, ज्यांना चासीशी देणंघेणं नाही. या सगळ्यांनी जिथे हात आखडता घेतला तिथे तुमची बोली सर्वांत वरची ठरते. तेव्हा आनंदाआधी एकदा विचार करा, ते का थांबले?

मिश्किल
काका, हे वाक्य शेअर बाजाराच्या धाग्यावर पण टाका. तिथे गरज आहे.

केतकीवन
आता हिशोबाकडे. चांगल्या आर८ला १०० धरा. हातोडा ५० वर पडला असं मानू. त्यावर खरेदीदाराची फी, आवाराची गेट फी, ऑनलाइन बोलीची फी. काही राज्यांत सामान्य माणसाला थेट बोली लावता येत नाही, मग परवानावाला दलाल आणि त्याची दलाली. गाडी ठरलेल्या दिवसांत उचलली नाही तर रोजचं भाडं. रस्त्यावर चालवत नेता येत नाही म्हणून ट्रेलर. हे ५ ते ७ धरा. सामानाचे तुमचे २० मला पटत नाहीत, बोल्टनटनी सांगितलेलं धरून ३५ करा, चासीला काही नाही असं गृहीत धरून. झाले ९०च्या वर.

आणि जी गाडी तयार होईल ती 'रीबिल्ट' टायटलची, म्हणजे टोटल होऊन पुन्हा बांधलेली असं कागदावर लिहिलेली. अशा गाडीला बाजारात सर्वसाधारणपणे २० ते ४० टक्के कमी मिळतात. म्हणजे ९० घालून ६०-८० ची गाडी, आणि मधल्या काळात गॅरेज अडलेलं.

त्यात विमा. रीबिल्ट टायटलवर बऱ्याच कंपन्या फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा देतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा देणारी सापडली तरी दावा करताना गाडीची किंमत कमी धरणार. आधी तीन-चार ठिकाणी विचारून बघा, बोलीनंतर नव्हे.

तेलकट हात
एवढा हिशोब करून कोणी स्पोर्ट्स कार घेतलीय का आजवर? हिशोबाने घेतली तर चांगलीही परवडत नाही.

गिअरबदल्या
तेलकट हात, तुमचे प्रतिसाद वाचून मनाला फार बरं वाटतं, हे कबूल. :) केतकीवन, मला विकायची नाहीये, चालवायची आहे. त्यामुळे विक्रीची किंमत सोडून देऊ. आणि रीबिल्ट टायटल देताना सरकारी तपासणी होते ना? ती पास झाली म्हणजे गाडी सुरक्षित.

पंचनामा
नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज. बहुतेक राज्यांत ती तपासणी मुख्यतः चोरीचे भाग वापरले नाहीत ना, हे बघायला असते. पावत्या, ज्या गाडीतून भाग काढले तिचा चासी नंबर, क्रमांक जुळतात का. वेल्ड कसा आहे, चौकट मिलिमीटरमध्ये बसते का, एअरबॅग खरंच उघडेल का, हे तिथे कोणी मोजत नाही. काही राज्यांत दिवे-ब्रेकची तपासणी जोडलेली असते, तेवढंच.

घाटवळण
ब्रिटनमधून लिहितोय, इथलं सांगतो. ऑक्टोबर २०१७ पासून इथे टोटल झालेल्या गाड्यांचे चार वर्ग आहेत. ए : अख्खी गाडी चिरडायची. बी : भाग काढून घ्या, पण सांगाडा रस्त्यावर परत येता कामा नये. एस : चौकटीला मार, दुरुस्त करता येते. एन : चौकटीला मार नाही. त्याआधी सी आणि डी होते, ते दुरुस्तीच्या खर्चावर ठरायचे. आता नुकसान कुठे झालंय त्यावर ठरतं. निदान एस आणि एन वाचून थोडा अंदाज तरी येतो. पण दुरुस्तीनंतर सक्तीची वेगळी तपासणी इथेही नाही. ओळख पडताळण्याची एक योजना होती, ती २०१५ मध्ये बंद केली. आणि 'एन' म्हणजे स्वस्तात सुटलो असं समजू नका. बुडालेली गाडीही एन असू शकते.

माझी स्वतःची लोटस एलिस आहे (न ठोकलेली). तिच्या क्लबमध्ये ठोकलेल्या एलिस घेणारे बरेच. तिची चासी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेली, वजन जेमतेम ६८ किलो. पुढचा अख्खा क्लॅम (नाकाचं बाहेरचं आवरण) एकसंध फायबरचा. पार्किंगमध्ये हळू ठोकर बसली तरी क्लॅम तडकतो आणि विमा कंपनी हात वर करते. अशी गाडी मिळाली तर सोनं. पण चासीची पट्टी वाकलेली मिळाली तर ती पट्टी बदलायची नसते, चासीच बदलायची. फोटोत दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

शून्य_ते_शंभर
आणि कार्बन फायबर? ते तर वाकतच नाही म्हणतात.

बोल्टनट
वाकत नाही, तीच अडचण. पोलादाला मार बसला की ते सांगतं, चुरगळतं, रंग उडतो. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात आणि वरून लॅकर चकाचक. नाणं वाजवून आवाज बोदा येतो का बघतात, पण खरं कळायला अल्ट्रासाउंड लागतो. मॅक्लारेन १२सीचा कार्बनचा टब (गाडीचा मधला सांगाडा) ७५ किलोचा, अल्फा रोमिओ ४सीचा ६५ किलोचा. माणूस त्या टबच्या आत बसतो. त्याच्या बाबतीत 'बहुतेक ठीक असेल' म्हणून मी सही करणार नाही. सस्पेन्शन जिथे टबला जोडतात तिथे कोणी राळ चोपडून रंग दिलेला दिसला तर मागे फिरा.

अवांतर : कार्बन सिरॅमिक ब्रेक असलेल्या गाडीत डिस्कच्या कडा बघत जा. चाकाला मार बसला की कड टवकते, आणि मग डिस्क बदलावी लागते. तिची किंमत ऐकून बसायला खुर्ची जवळ ठेवा.

मिश्किल
खुर्ची लिलावातली चालेल का?

रविवारचा_मेकॅनिक
इतका वेळ वाचत होतो. मी एक सॅल्व्हेज गाडी बांधली आहे आणि ती आजही चालवतो, म्हणून दुसरी बाजू. माझी एमएक्स-५ (माझदाची छोटी दोन सीटांची स्पोर्ट्स कार), मागून ठोकलेली, एअरबॅग उघडलेली नाही. सुटे भाग भंगारवाल्यांकडे मुबलक, पोलादी बॉडी, इलेक्ट्रॉनिक्स कमी. मोजणी बाहेर करून घेतली, मागचा पॅनेल आणि बूट बदलला, बाकी बोल्ट. ती मी फक्त ट्रॅकवर नेतो. आत केज घातलाय, सहा पट्ट्यांचा बेल्ट आहे. किंमत पडली म्हणून मला फरक पडत नाही आणि ट्रॅकवर ठोकली तर रडूही येणार नाही.

म्हणजे सॅल्व्हेज वाईट असं मी म्हणणार नाही. पण सुरुवातीलाच आर८? तिच्यात ऑडीचं कंपोनंट प्रोटेक्शन आहे, हे कोणी बोललं नाही. दुसऱ्या आर८मधून काढलेली काही मॉड्यूल तुम्ही बसवलीत तर ती गाडीला 'ओळखत' नाहीत. कंपनीच्या सर्व्हरला जोडून डीलरकडूनच कोड करून घ्यावी लागतात. डीलर सॅल्व्हेज गाडीला हात लावेल का, हे आधी फोन करून विचारा. माझ्या मेहुण्याला एका डीलरने दारातूनच परत पाठवलं होतं. चावी आहे का तेही बघा. लिलावातल्या कितीतरी गाड्यांना चावीच नसते.

पंचनामा
कंपन्यांच्या नकाराचं उदाहरण द्यायचं तर टेस्ला. २०२० मध्ये सॅल्व्हेज गाड्यांचं फास्ट चार्जिंगच बंद केलं. गाडी दुरुस्त झाली तरी.

तेलकट हात
हे मात्र अति आहे. माझी गाडी, माझी वीज.

पंचनामा
वीज त्यांची हो. :) आणि कारणही आहे. बॅटरीला आतून मार लागलाय का ते बाहेरून कळत नाही, आणि खारं पाणी शिरलं तर आग कधी लागेल याचा नेम नाही. २०१२ मध्ये सँडी वादळात नेवार्क बंदरावर उभ्या असलेल्या १६ फिस्कर कर्मा (प्लग-इन हायब्रिड गाड्या) जळाल्या. इयाननंतर फ्लोरिडातही बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या पुढे कित्येक दिवस पेट घेत होत्या.

केतकीवन
बुडालेल्या गाड्यांवरून आठवलं. टायटल धुण्याचा प्रकार सर्वांना माहीत असावा. एका राज्यात 'फ्लड' शिक्का बसलेली गाडी नियम सैल असलेल्या दुसऱ्या राज्यात नोंदवायची, तिथून तिसऱ्या, की शिक्का गळून पडतो. हे रोखायला १९९२च्या कायद्याने एनएमव्हीटीआयएस ही राष्ट्रीय नोंद सुरू झाली. त्यातून चासी नंबरवर अहवाल मिळतो, स्वस्त असतो, काढाच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ आहे का ते बघा. गाडी धुणारे तिथपर्यंत पोचत नाहीत.

गिअरबदल्या
अहवाल काढला. पूर नाही, सॅल्व्हेज एकदाच. पण बोल्टनट, तुम्ही एअरबॅग मॉड्यूल रीसेटबद्दल म्हणालात, ते ऑनलाइन फारच स्वस्तात होतं. आणि एअरबॅगही स्वस्त मिळतात, नव्या.

बोल्टनट
मॉड्यूल रीसेट एक वेळ चालेल, मला स्वतःला नवीन आवडतं. पण स्वस्त नव्या एअरबॅगचं नाव काढू नका! २०१२ मध्येच अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, बनावट एअरबॅगांबद्दल इशारा दिला होता. २०२४ मध्ये पुन्हा दिला, कारण दुरुस्त केलेल्या गाड्यांत बसवलेले निकृष्ट इन्फ्लेटर फुटून धातूचे तुकडे चालकांच्या अंगात घुसले आणि माणसं मेली. एरवी सहज वाचली असती अशा अपघातांत. आणि याहून वाईट म्हणजे, काही महाभाग बॅग बसवतच नाहीत. रेझिस्टर लावून डॅशवरचा दिवा विझवतात आणि कव्हर चिकटवतात. म्हणून रीबिल्ट गाडी विकत घेणाऱ्याने स्टिअरिंग उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शून्य_ते_शंभर
ओके, हे मान्य. एअरबॅगमध्ये काटकसर नाही.

घाटवळण
गिअरबदल्या, फोटोंवर चर्चा पुरे. लिलावाआधी आवारात जाऊन बघायची परवानगी असते ना? जा आणि मोजा. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, मग उजव्या. दरवाजा उघडून बंद करा, पुढच्या खांबाशी फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा.

बोल्टनट
+१. आणि खाली वाकून बघा. ही आवारं गाड्या फोर्कलिफ्टने उचलतात. एवढ्या खालच्या गाडीच्या पोटात काटे घुसलेले मी पाहिलेत. अपघातात वाचलेला सिल (दरवाजाखालची चौकटीची पट्टी) आवारात जातो.

मिश्किल
गिअरबदल्या, जाताना तेलकट हातांना सोबत नेऊ नका.

गिअरबदल्या
जाऊन आलो. आवारातल्या माणसाने घाई केली पण बघू दिलं.

उजव्या बाजूचं अंतर डावीपेक्षा चांगलं बोटभर कमी आहे. उजवा दरवाजा उघडतो, पण बंद करताना उचलावा लागतो. खांबाशी फट वर रुंद, खाली जवळजवळ नाही. प्रवाशाकडची बॅगही उघडलेली आहे, डॅशवर कोणीतरी जॅकेट टाकलं होतं म्हणून फोटोत दिसलं नाही. पाण्याची टाकी कोरडी. पोटाखाली फोर्कचे दोन स्वच्छ ठसे. उजव्या पुढच्या आर्मच्या बुडाशी, जिथे तो ओतीव भागाला बसतो, एक बारीक रेघ आहे. चीर की सीलर उडालाय ते मला कळलं नाही. फोटो जोडतोय.

बोल्टनट
चीर आहे. सीलर असा वळत नाही. आणि दरवाजा उचलावा लागतोय म्हणजे धक्का खांबापर्यंत पोचलाय. ही गाडी भागांसाठी उत्तम आहे. इंजिनची मात्र खात्री नाही.

केतकीवन
बाकी कोणाचं काहीही असो, ते जॅकेट टाकणाऱ्याला मानलं.

पंचनामा
ठरवलेली कमाल बोली आता किती?

गिअरबदल्या
आता शून्यच. तरी लिलाव लाइव्ह बघितला. मी आधी ठरवलेल्या आकड्याच्या बऱ्याच वर गेली, आणि शेवटची मिनिटभर दोघंच एकमेकांवर चढवत होते.

पंचनामा
चासी नंबर जपून ठेवा आणि अधूनमधून शोधत रहा. भागांत गेली तर दिसणार नाही. दिसली, तर तिच्या विक्रीच्या जाहिरातीत 'किरकोळ पुढचं नुकसान, उत्तम दुरुस्ती' असं लिहिलेलं असेल. तुमचे फोटो तेव्हा कोणाच्या तरी कामी येतील, काढून टाकू नका.

तेलकट हात
मग आता काय, सेडान?

गिअरबदल्या
रविवारचा मेकॅनिक, तुमच्या एमएक्स-५ची मोजणी कोणाकडून करून घेतली होती, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? मागून ठोकलेली, बॅग न उघडलेली एक बघून ठेवली आहे. यावेळी आधी बघून येतो, मग फोटो टाकतो.

रविवारचा_मेकॅनिक
व्यनि केलाय. मागून ठोकलेली असेल तर पेट्रोलची टाकी आणि डिफरन्शियलचा माउंट आधी बघा, बूट नंतर. आणि टेप विसरू नका.

नवखा_चालक
सगळा धागा वाचून काढला, फार उपयुक्त. एक शंका : चोरीला जाऊन परत सापडलेली, म्हणजे ठोकलेली नाही, फक्त सीटा आणि चाकं काढून नेलेली गाडी घेणं सुरक्षित असतं का?

मिश्किल
वेगळा धागा काढा. मी जागा धरतो.